शंभर तासांचा सल्ला

बिडाचा नवा तवा रुळेपर्यंत डोसा सोडत नाही. नव्या वस्तूला ‘रुळू द्या’ असे कोणी म्हटले की आपल्याला ते सहज पटते, ते अशा अनुभवांमुळेच. घरी स्तवने ऐकण्यासाठी भारी ध्वनियंत्रणा घेणाऱ्यालाही दुकानात हाच सल्ला मिळतो : “आज आवाज कोरडा वाटेल, केबल आणि यंत्रे शंभर तास वाजू द्या, मग पाहा.” हा सल्ला कितपत खरा?

अनेकांत म्हणजे प्रत्येक दावा अर्धा खरा मानणे नव्हे. कोणता दावा कोणत्या अपेक्षेने खरा, हे तपासणे होय. येथे ती तपासणी वस्तुवार करावी लागते.

स्पीकरच्या पडद्याला राळ लावलेल्या कापडी जाळीचा आधार असतो. वापराने ती किंचित सैलावते आणि खर्जाच्या आवाजात मोजता येईल असा फरक पडतो. मात्र तो बहुतांशी सुरुवातीच्या थोड्या वापरातच पडतो. व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरला तापायला काही मिनिटे लागतात, पण ते दर वेळी तापणे झाले, रुळणे नव्हे. केबलमध्ये तर हलणारा भागच नाही. तांब्याची घडण बदलण्यास तीव्र उष्णता लागते; संगीताच्या क्षीण विद्युत्प्रवाहाने ती निर्माण होत नाही.

मग महिन्याभराने आवाज गोड का वाटतो? कारण तेवढ्या काळात रुळतो तो आपला कान. याची परीक्षा घरीही घेता येते. एकाच जातीच्या दोन केबल घ्याव्यात. एक कोरी, एक शंभर तास वाजलेली. आवाजाची पातळी तीच ठेवून, नाणे उडवून, पडद्याआड त्यांपैकी एक जोडावी आणि ऐकणाऱ्याने ती ओळखावी. असे दहा वेळा करावे. केवळ अंदाजाने नऊ किंवा दहा उत्तरे बरोबर येण्याची शक्यता १०२४ पैकी ११, म्हणजे साधारण एक टक्का. तेवढी उत्तरे बरोबर आली, तर दाव्यात तथ्य असल्याचे मानता येईल.

आता हिशेब पाहू. रोज दोन तास संगीत ऐकणाऱ्याचे शंभर तास ५० दिवसांनी भरतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. म्हणजे सल्ला पाळणाऱ्या ग्राहकाची मुदत तो सल्ला पुरा होण्याआधीच संपते. म्हणून ग्राहकाने पहिल्या आठवड्यातच यंत्रणा नीट ऐकावी, दोष वाटल्यास लगेच लेखी कळवावे आणि परतीची मुदत बिलावर लिहून घ्यावी.

आपल्यापैकी अनेकांची स्वतःचीच दुकाने आहेत. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताच्या अतिचारांत पहिला आहे मिथ्योपदेश. हा सल्ला देणारा दुकानदार खोटेच बोलत असतो असे नाही. पुष्कळदा त्याने तो कंपनीच्या पत्रकात वाचलेला असतो. पण ग्राहकाचा पैसा ज्या शब्दावर अडकतो, तो शब्द पारखून घेणे हे विकणाऱ्याचे काम आहे. “शंभर तास थांबा” यापेक्षा “पसंत नसेल तर पंधरा दिवसांत परत आणा” असे सांगणारी पेढी एखादी विक्री गमावील. पण तिच्या शब्दावरचा विश्वास पुढच्या पिढीच्याही उपयोगी पडेल.