अपडेटनंतर लॅपटॉप उघडत नाही? 'फॉरमॅट मारा' म्हणण्याआधी थोडे थांबा



उद्या प्रोजेक्ट जमा करायचा असतो. रात्री लॅपटॉप बंद करायला जावे तर तो सांगतो, 'अपडेट सुरू आहे, संगणक बंद करू नका.' आपण कंटाळून झाकण मिटतो आणि झोपतो. सकाळी बटण दाबले की स्क्रीन काळी, नाहीतर ठिपके गोल गोल फिरतच राहतात, नाहीतर निळ्या स्क्रीनवर इंग्रजीत काहीबाही लिहून येते. मग लॅपटॉप पिशवीत घालून पांढुर्ण्याला, तिथे जमले नाही तर नागपूरला बर्डीवर. दुकानदार दोन मिनिटे पाहतो आणि म्हणतो, "फॉरमॅट मारावा लागेल." आपण मान हलवतो. लॅपटॉप सुरू होऊन घरी येतो, पण वर्षभराच्या नोट्स, आजोबांच्या वाढदिवसाचे फोटो, बाबांनी लिहून ठेवलेला संत्र्याच्या बागेचा हिशेब, सगळे गेलेले असते.

ही गोष्ट आता घरोघरची झाली आहे. बारावीला मध्य प्रदेश मंडळात ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्यांना राज्य शासनाने लॅपटॉपसाठी २५ हजार रुपये दिले आणि अनेक घरांत पहिला संगणक आला तो असा. त्याचा वापर सगळे शिकले. तो अडला की काय करायचे, हे मात्र कोणी शिकवले नाही. म्हणून हा लेख. मुख्य गोष्ट आधीच सांगतो: अपडेटनंतर न उघडणारा लॅपटॉप बहुतेक वेळा 'मेलेला' नसतो आणि आपल्या फायली डिस्कवर जशाच्या तशा असतात. बिघडलेला असतो तो फक्त उघडण्याचा रस्ता.

शाळा सकाळी कशी उघडते ते आठवा. आधी शिपाई येऊन फाटकाचे कुलूप काढतो, मग कार्यालय उघडते, शिक्षक येतात, घंटा होते, प्रार्थना होते आणि मग वर्ग भरतात. लॅपटॉपचेही असेच. बटण दाबताच प्रथम मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटा प्रोग्रॅम जागा होतो, तो डिस्कवरचा 'बूट लोडर' शोधतो, बूट लोडर विंडोजचा गाभा स्मृतीत आणतो, गाभा ड्रायव्हर म्हणजे कीबोर्ड, स्क्रीन, डिस्क वगैरे चालवणारे छोटे प्रोग्रॅम बोलावतो, आणि शेवटी आपल्याला पासवर्ड विचारला जातो. या साखळीत एक जण आला नाही तरी वर्ग भरत नाही. पण म्हणून ग्रंथालयातली पुस्तके जळालेली नसतात.

अपडेट नेमके याच साखळीतल्या फायली बदलते. वर्ग भरलेला असताना फरशी बदलता येत नाही, तसे विंडोज चालू असताना तिच्या मुख्य फायली बदलता येत नाहीत. म्हणून ते काम बंद होताना आणि पुन्हा सुरू होताना चालते. नेमकी तेव्हाच लाइन गेली आणि लॅपटॉपची जुनी बॅटरी दहा मिनिटेही टिकली नाही, तर अर्धी फरशी नवी, अर्धी उखडलेली! विंडोज बहुधा अशा वेळी स्वतःच मागे फिरते आणि 'बदल मागे घेत आहोत' असे सांगते. त्यालाही वेळ लागतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या लॅपटॉपला तर तासभर, कधी दोन तासही लागतात. तेवढ्यात घाबरून बटण दाबणारे आपणच बिघाड करून ठेवतो.

कधी कधी मात्र दोष अपडेटमध्येच असतो, आणि मोठमोठ्यांची त्यात फजिती होते. १९ जुलै २०२४ चा शुक्रवार अनेकांना आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने त्या सकाळी आपल्या वेळेनुसार साडेनऊच्या सुमारास एक छोटी फाइल जगभर पाठवली. कंपनीच्या प्रोग्रॅमकडे २० माहितीचे रकाने होते आणि नवी फाइल २१ वा रकाना वाचायला सांगत होती. नसलेला रकाना वाचायला गेलेला प्रोग्रॅम कोसळला, आणि तो विंडोजच्या गाभ्यातच बसलेला असल्याने सगळे यंत्रच कोसळले. कंपनीने ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले होते. मुंबई आणि दिल्लीच्या विमानतळांवर अकासाच्या प्रवाशांची नोंदणी हाताने करावी लागली. इंडिगोच्या प्रवाशांना पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले.

खरी अडचण पुढे होती. सुधारलेली फाइल इंटरनेटवर तयार होती, पण ती घ्यायला संगणक आधी उघडायला हवा ना! तो तर उघडतच नव्हता. शेवटी माणसे एकेका संगणकासमोर बसली, तो 'सेफ मोड'मध्ये उघडला, ती एक फाइल पुसली आणि यंत्र पुन्हा सुरू केले. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरची काही यंत्रे तर नुसती पुन्हा पुन्हा, पंधरा-पंधरा वेळा सुरू केल्यावर ठिकाणावर आली. सरसकट फॉरमॅट करायची गरज कुठेच नव्हती. आपल्या घरच्या लॅपटॉपलाही हेच लागू आहे.

आता आपल्या टेबलाकडे येऊ.

पहिले काम म्हणजे पाहणे. दिवा लागतो का, पंख्याचा आवाज येतो का? काहीच होत नसेल तर प्रश्न अपडेटचा नाही, चार्जरचा किंवा बॅटरीचा असू शकतो. दुसरा बोर्ड, दुसरा चार्जर लावून पाहा. दिवा लागतो पण स्क्रीन काळी, असे असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबा. चित्र दाखवणारा ड्रायव्हर त्याने नव्याने सुरू होतो. टक्केवारी पुढे सरकत असेल तर चार्जर लावून ठेवा आणि हात लावू नका.

दोन-तीन तास काहीच हलले नाही, तर पेनड्राइव्ह, प्रिंटरची वायर, माउस, सगळे काढा. (लावून विसरलेल्या पेनड्राइव्हमुळे 'बूट डिव्हाइस नाही' असा निरोप येतो, आणि कितीतरी लॅपटॉप एवढ्याच कारणाने दुकानात पोहोचतात.) चार्जरही काढा, बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चार्जर लावून सुरू करा. पुष्कळदा इथेच काम होते.

तरी नाही झाले, तर विंडोजच्या दुरुस्तीच्या खोलीत जायचे. लॅपटॉप सुरू करा, कंपनीचे चिन्ह दिसताच बटण दहा सेकंद दाबून बंद करा. असे दोनदा झाले की तिसऱ्या वेळी विंडोज आपणहून निळी दुरुस्तीची स्क्रीन दाखवते. तिथे 'ट्रबलशूट' आणि त्यात 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'. आधी 'स्टार्टअप रिपेअर' चालवा. त्याने जमले नाही तर 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. यात दोन पर्याय येतात: दर महिन्याचे 'क्वालिटी' अपडेट आणि मोठे 'फीचर' अपडेट. आदल्या रात्री जे आले असेल ते काढा. ठाऊक नसेल तर आधी क्वालिटी. मोठे अपडेट साधारण १० दिवसांच्या आतच मागे घेता येते, तेव्हा बंद लॅपटॉप महिनाभर कपाटात ठेवू नका. तिसरा मार्ग 'स्टार्टअप सेटिंग्ज'मधून ४ दाबून सेफ मोडचा. त्यात विंडोज फक्त अत्यावश्यक मंडळींना बोलावते. सेफ मोडमध्ये लॅपटॉप नीट उघडला, तर यंत्र बहुधा ठीक आहे आणि नवा आलेला एखादा ड्रायव्हर किंवा प्रोग्रॅम गोंधळ घालतो आहे, असे समजावे.

हे सगळे हुकले तरी आधी फायली वाचवाव्यात. त्याच 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'कमांड प्रॉम्प्ट' आहे. त्या काळ्या खिडकीत इंग्रजीत नोटपॅड टाइप करून एंटर दाबा. नोटपॅड उघडले की 'फाइल'मधून 'ओपन' घ्या आणि खाली सर्व प्रकारच्या फायली दाखवायला सांगा. आता त्या छोट्या खिडकीतूनच आपले फोल्डर शोधून कॉपी करून पेनड्राइव्हवर ठेवता येतात. ही युक्ती मुलांना फार आवडते. ड्राइव्हचे अक्षर बदललेले दिसेल, गडबडू नका. मित्राच्या संगणकावर उबुंटूचा पेनड्राइव्ह बनवून, काहीही इन्स्टॉल न करता लॅपटॉप त्यावरून चालवला तरीही फायली काढता येतात. त्यानंतर 'रिसेट' करायला हरकत नाही. 'माझ्या फायली ठेवा' हा पर्याय निवडला तरी प्रोग्रॅम जातात; मराठी टंकनाचे सॉफ्टवेअर, टॅली वगैरे पुन्हा बसवावे लागेल.

आणि आता पालकांसाठी सर्वात महत्त्वाचे. काही लॅपटॉप अपडेटनंतर ४८ अंकी 'रिकव्हरी की' मागतात. हे व्हायरस नाही. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये, विशेषतः २०२४ च्या विंडोज ११ च्या आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा सुरू करताच डिस्कला आपोआप कुलूप लागते. चोरी झाली तर हे कुलूप उपकारक. पण किल्ली हरवली तर दुकानदार, कंपनी, कोणीही ते उघडू शकत नाही. किल्ली बहुधा त्याच खात्यात जपलेली असते. मोबाइलवरून त्या खात्यात शिरून ती पाहता येते, आणि लॅपटॉपच्या स्क्रीनवर दिसणारा ओळख-क्रमांक तिथल्या क्रमांकाशी जुळवायचा. अडचण अशी की लॅपटॉप घेताना ते खाते बहुतेक वेळा दुकानातल्या मुलाने उघडून दिलेले असते, आणि त्याचा पासवर्ड आपल्याला ठाऊक नसतो! आज लॅपटॉप चालू आहे तोवरच खात्याचा पासवर्ड विचारून घ्या आणि ४८ अंक वहीत लिहून रेशन कार्डाशेजारी ठेवा.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग अपडेट बंदच करून टाकू. तसे करू नये. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या व्हायरसने जगभरातल्या संगणकांतल्या फायलींना कुलपे लावून खंडणी मागितली. त्याला अडवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. मुख्यतः ज्यांनी ते घेतले नव्हते तेच सापडले. विंडोज १० चे नियमित मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, तेव्हा जुना लॅपटॉप असलेल्यांनी बँकेचे व्यवहार त्यावर करताना विचार करावा. अपडेट घ्यावे, पण परीक्षेच्या किंवा फॉर्म भरण्याच्या आदल्या रात्री नको. सेटिंगमध्ये ते आठवडाभर पुढे ढकलता येते. रविवारी सकाळी चार्जर लावून, फायली पेनड्राइव्हवर उतरवून मग घ्यावे.

विश्वस्त मंडळींना एक विनंती. शाळेच्या संगणक कक्षात सर्व संगणकांवर एकाच दिवशी अपडेट होऊ देऊ नये. आधी एकावर होऊ द्यावे, चार दिवस तो नीट चालला की मग बाकीच्यांवर. प्रत्येक संगणकाची रिकव्हरी की नोंदवहीत लिहून ती वही कार्यालयाच्या कपाटात ठेवावी; संगणकातच ठेवली तर ती वाचायला आधी संगणक उघडावा लागेल.