डिस्टॉर्शन लावलं की बेस जातो कुठे?

ज्यांच्याकडे रेंज नाही, किंवा ज्यांना आकडे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाहीत, त्यांच्यासाठी हा एपिसोडचा लेखी भाग. बोललोय जवळपास तसंच ठेवलंय, फक्त वाजवून दाखवलेले तुकडे काढलेत.

आजचा प्रश्न ब्रह्मपुरीच्या एका श्रोत्याचा. तो लिहितो, "दादा, बेसला डिस्टॉर्शन पेडल लावून घरी वाजवलं की लय भारी वाटते. बँडसोबत वाजवलं की बेसच गायब. काहून? आता पोरं म्हणतात बेस राहू दे, कीबोर्डच्या डाव्या हातानं भागवू."

म्हणजे प्रश्न नुसता टोनचा नाही, गड्याची बँडमधली जागा जायची वेळ आलीय. आणि पैशाचाही आहे. चंद्रपूर-गडचिरोलीकडे आपण बहुतेक जण पेडल ऑनलाइन मागवतो. चार पेडल वाजवून बघायचे म्हटलं तर चंद्रपूरहून नागपूर दीडशे किलोमीटर. त्यामुळे काय बघून घ्यायचं, हे आधीच कळलेलं बरं.

डिस्टॉर्शन नेमकं करतं काय?

चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड तार, लो ई, ४१ हर्ट्झवर वाजते. हा मूळ सूर. पण तार फक्त ४१ देत नाही. त्याच्या पटीत ८२, १२३, १६५ असे वरचे सूरही सोबत येतात. त्यांना हार्मोनिक्स म्हणतात.

पेडल सिग्नल मोठा करतं आणि एका ठराविक उंचीवर त्याची डोकी छाटतं. याला क्लिपिंग म्हणतात. लाट छाटली की तिचा आकार बदलतो, आणि आकार बदलला की हार्मोनिक्स वाढतात. आपल्याला ऐकू येणारी खरखर म्हणजे हेच.

ही आवड काही परदेशातून आलेली नाही बरं का. तंबोऱ्याची जवारी आठवा. तार घोडीच्या रुंद पाठीला हलकेच घासते, खाली सुताचा दोरा असतो, आणि वरच्या सुरांचा तो झणकार तयार होतो. यंत्रणा वेगळी, पण हेतू तोच. साध्या तारेतून वरचे सूर फुलवायचे. मिरजेचे कारागीर पिढ्यान् पिढ्या हेच करतायत, आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय टॅगही मिळाला.

मग बेस गायब का होतो?

गैरसमज असा की डिस्टॉर्शन मूळ सूर खाऊन टाकतं. तसं नाही. तीन गोष्टी एकत्र होतात.

एक, गिटारसाठी बनवलेलं पेडल. आयबानेझ ट्यूब स्क्रीमरचं उदाहरण घ्या. त्याचं सर्किट साधारण ७२० हर्ट्झच्या खालच्या भागाला कमी-कमी गेन देतं. गिटारसाठी ते बरोबरच आहे, नाहीतर आवाज चिखल होतो. पण आपला लो ई त्या ७२० च्या चार सप्तकांहून जास्त खाली आहे!

दोन, नॉब. हार्मोनिक्स वाढले की आवाज कानाला मोठा वाटतो, म्हणून आपण लेव्हल कमी करतो. सोबत ४१ हर्ट्झही कमी होतो. आता बेसची सगळी मजा मधल्या पट्ट्यात आली, आणि तिथे आधीच गिटार, कीबोर्ड आणि गायक बसलेत.

तीन, ठोका. छाटलेल्या सिग्नलमध्ये हळू वाजवलेलं आणि जोरात वाजवलेलं जवळपास सारखंच येतं. बोटाचा 'ठप्' जातो, आणि ड्रमच्या किकशी बांधलेली गाठ सुटते.

मग घरी भारी का वाटतं? कारण तिथे दुसरं कोणी वाजवत नाही, आणि खोलीच्या भिंती खालच्या आवाजाला उचलून धरतात. आपल्याकडची झाडीपट्टीची नाटकं आठवा. मोकळं मैदान, मंडप, रात्रभर लाइव्ह गाणी. अशा उघड्या जागी भिंतीच नसतात, लो आवाज पसरून जातो. घरी जो बेस फुकट मिळाला, तो तिथे मिळत नाही.

उपाय: मूळ फाईल डिलीट करू नका

कोड बदलण्याआधी आपण ब्रँच काढतो. मेन तशीच ठेवतो, प्रयोग ब्रँचवर, शेवटी मर्ज. बेसचं तेच. सिग्नलचे दोन रस्ते करायचे. एक क्लीन, जो मूळ सूर आणि बोटाचा ठोका सांभाळतो. दुसरा डिस्टॉर्शनमधून, जो खरखर आणि धार देतो. शेवटी दोन्ही मिसळायचे. यालाच क्लीन ब्लेंड म्हणतात.

ही युक्ती जुनी आहे. १९६१ च्या मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' गाण्यात ग्रेडी मार्टिनचा सहा तारांचा बेस मिक्सरच्या बिघडलेल्या चॅनेलमधून गेला आणि फझचा तो आवाज रेकॉर्ड झाला. १९६५ मध्ये बीटल्सच्या 'थिंक फॉर युअरसेल्फ'मध्ये पॉल मॅकार्टनीचे दोन बेस आहेत, एक साधा, एक फझमधून. हेडफोन लावून ऐका, दोघांचं काम वेगवेगळं कळतं.

विकत घेताना काय बघायचं?

पेडलवर ब्लेंड, बॅलन्स, मिक्स किंवा ड्राय असं काही लिहिलंय का, ते. बॉसच्या ओडीबी-३ वर बॅलन्स नॉब आहे. टेक २१ च्या सॅन्सअँप बेस ड्रायव्हरवर आणि फिनलंडच्या डार्कग्लासच्या बी७के वर ब्लेंड. बास बिग मफवर ड्राय नावाची स्विच पोझिशन आहे.

गिटारचं पेडल आधीच घरात असेल तर फेकू नका. बॉस एलएस-२ सारखा लाइन सिलेक्टर घ्या. लूप ए मध्ये पेडल, लूप बी मध्ये सेंड ते रिटर्न एक छोटी केबल, मोड 'ए प्लस बी मिक्स'. झाला तुमचा ब्लेंड.

सेट कसं करायचं?

आधी फक्त क्लीन. ड्रमसोबत बसवा. मग डिस्टॉर्शन शून्यापासून हळूहळू वाढवा. बंद केल्यावर काहीतरी हरवल्यासारखं वाटलं, पण चालू असताना वेगळं उठून दिसत नाही, तिथे थांबा. हे सगळं बँड वाजत असताना करा, एकट्यानं नाही. गेन घरी आवडतो त्यापेक्षा कमीच ठेवा.

मोबाईल किंवा लॅपटॉपवर रेकॉर्ड करत असाल तर आणखी सोपं. बेसचा ट्रॅक डुप्लिकेट करा. पहिल्यावर लो-पास, साधारण २०० हर्ट्झपर्यंत, क्लीन. दुसऱ्यावर तिथूनच हाय-पास आणि मग डिस्टॉर्शन. २०० चा आकडा दगडावरची रेघ नाही, कानानं ठरवा.

एक सापळा मात्र लक्षात ठेवा. दोन रस्ते एकाच वेळी पोहोचले पाहिजेत. डिजिटल प्रोसेसिंगमुळे एक रस्ता १० मिलिसेकंद उशिरा आला, तर ५० हर्ट्झपाशी दोन्ही लाटा एकमेकींना मारतात, आणि लो जी बरोबर ४९ वर आहे! काही पेडल सिग्नल उलटाही करतात. परीक्षा सोपी: दोन्ही मिसळल्यावर आवाज जाड व्हायच्या ऐवजी पातळ झाला, तर फेजची गडबड आहे. ॲपमध्ये एका ट्रॅकची पोलॅरिटी उलटी करून बघा किंवा ट्रॅक थोडा सरकवा.

आणि मोबाईलचं काय?

तुमची गाणी लोक शेवटी फोनच्या स्पीकरवर ऐकणार. तो स्पीकर ४१ हर्ट्झ वाजवूच शकत नाही. नुसता क्लीन बेस तिथे गायब. पण हार्मोनिक्स पोहोचले, तर मेंदू त्यांच्यामधलं अंतर ओळखतो आणि नसलेला खालचा सूर स्वतः भरून काढतो. म्हणजे डिस्टॉर्शनचा रस्ता बेसला फोनमध्ये जिवंत ठेवतो, आणि क्लीनचा रस्ता मंडपातल्या मोठ्या बॉक्सवर. दोघंही लागतात.

तर ब्रह्मपुरीच्या भावा, बेस सोडू नको. पुढच्या प्रॅक्टिसला क्लीन परत आण, आणि मग पोरांना म्हण, आता वाजवा कीबोर्डच्या डाव्या हातानं असा 'ठप्'. काय झालं ते कळव. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!