युका विकायचाय? आधी आपला पावसाळा लक्षात घ्या



झाडांच्या दुकानासाठी पहिला स्टॉक कसा भरायचा, हे मागच्या व्हिडिओत सांगितलं होतं. त्यात युका दोन मिनिटांत उरकला. तो इथे नीट लिहिते, कारण या झाडाने मला पहिल्याच वर्षी चांगला फटका दिलाय.

तेव्हा नवीन पनवेल, कामोठे, खारघर सगळीकडे लोक नव्या फ्लॅटमध्ये राहायला येत होते. "बाल्कनीत काहीतरी उंच द्या, रोज पाणी घालायला लागू नये असं," ही मागणी रोजचीच. युका त्यात बरोबर बसतो. मग काय, मे महिन्यात उरुळी कांचनच्या बाजूने ४० झाडं उचलली. १८० रुपये नग, वर टेम्पोचे १२००. म्हणजे एक झाड २१० ला पडलं आणि विकायचं ४०० ला. कागदावर हिशोब एकदम मस्त!

जूनच्या मध्यापर्यंत ९ गेली. बाकीची ३१ दुकानासमोर उघड्यावर ठेवली. पावसाचं पाणी म्हणजे फुकटचं टॉनिक, असं मला वाटत होतं. ऑगस्टमध्ये एका झाडाला धरून उचललं, तर खोड हातात आणि मुळं कुंडीत. त्या ३१ पैकी २३ सडली. शिवाय विकलेल्यांपैकी तिघांनी झाड परत आणलं, त्यांना बदलून दिलं. ८,४०० घातले, ५,६०० परत आले. बीबीएला इन्व्हेंटरी शिकले होते, पण पुस्तकातली इन्व्हेंटरी सडत नाही ना!

चूक झाली कुठे? युकाला तहान चालते, पण मुळाशी साचलेलं पाणी चालत नाही. कुंड्या प्लास्टिकच्या, आत जवळजवळ नुसतं कोकोपीट, खाली ताटल्या. कोकोपीट पाणी धरून ठेवतं, आणि आपल्याकडे जुलैत दोन-दोन आठवडे ऊनच पडत नाही. त्यात फसवणूक अशी की खाली खोड सडत असतं आणि वर पानं बरेच दिवस हिरवीगार दिसतात.

म्हणून आता नर्सरीत गेले की पानं नंतर बघते. आधी मातीजवळचं खोड अंगठ्याने दाबते. ते टणक लाकडासारखं लागलं पाहिजे. अंगठा जरा जरी आत गेला, तर झाड परत ठेवायचं, कितीही स्वस्त मिळू दे. मग खोड हलकेच हलवायचं. डुगडुगलं तर कटिंग नुकतंच खोचलंय, मुळं धरलेली नाहीत. पानांच्या बेचक्यात पांढरा कापसासारखा मिलीबग आहे का तेही बघा. एक किडकं झाड आणलं तर आख्ख्या दुकानाला लागण होते. खालची एक-दोन पानं पिवळी असतील तर सोडून द्या, जुनी पानं अशीच जातात.

जात विचारूनच घ्या. घरासाठी युका जायगँटिया बरा. तो मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला, त्याच्या पानाचं टोक टोचत नाही. युका अ‍ॅलोइफोलियाचं टोक मात्र सुईसारखं असतं. लहान मूल असलेल्या घरात मी तो देत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. कुत्रा-मांजर असेल तर कुठलाच युका देताना आधी सांगते, कारण पानं चावली तर त्यांना उलट्या होतात. आणि बऱ्याच ठिकाणी ड्रेसिनाच युका म्हणून गळ्यात मारतात. ड्रेसिनाचं पान मऊ आणि लवचिक, युकाचं जाड आणि ताठ. ड्रेसिना कमी उजेडात तग धरतो, युकाला भरपूर उजेड लागतो. त्यामुळे ज्यांच्या बाल्कनीत ऊनच येत नाही, त्यांना मी सरळ ड्रेसिना देते, ड्रेसिना म्हणूनच!

(एका काकूंनी विचारलं होतं, "याचाच साबुदाणा होतो ना गं?" नाही काकू! तो कंद कसावाचा. त्याला तिकडे युका म्हणतात, नावाचा घोळ तिथूनच आहे.)

कुंडी मातीची घ्या, ती लवकर सुकते. निम्मी लाल माती, निम्म्याला थोडी कमी जाड रेती, आणि मूठ-दोन मूठ जुनं शेणखत. बोट दोन इंच आत घालून बघा, कोरडं लागलं तरच पाणी. जून ते सप्टेंबर कुंडी छपराखाली ठेवायची आणि ताटली काढून टाकायची. शेडनेटमधलं झाड एकदम मेच्या उन्हात ठेवू नका, पानं भाजतात. आठ-दहा दिवस सकाळच्या कोवळ्या उन्हाची सवय करून मग हलवा.

एवढं मी आता बिलाच्या मागे छापून देते. बदलून मागायला येणारे जवळजवळ थांबले.

आता कमाईचं. युकाचं परागीभवन करणारा खास पतंग अमेरिकेकडचा, त्यामुळे आपण बियांच्या मागे लागायचं नाही. उंच झालेलं झाड कापायचं. फूटभराचे तुकडे करून तीन-चार दिवस सावलीत सुकवायचे, कापलेली जागा कोरडी झाली की रेताड मातीत खोचायचे. वरची बाजू वरच राहू दे, आधीच खडूने खूण करा. दीड-दोन महिन्यांत मुळं धरतात, खालच्या खुंटालाही नवे फुटवे येतात. शेंडा धरून एका उंच झाडाची तीन-चार होतात, फक्त पावसाळ्यात हा उद्योग करू नका. उरलेल्या ५ झाडांपैकी २ मी विकली नाहीत, त्यांच्यापासूनच पुढचा स्टॉक केला. (म्हणजे वरच्या ५,६०० मधून ८०० वजा करा, पण ते मी भांडवलात धरते.)

पाऊस थांबला की ऑक्टोबरमध्ये दुकानातच कटिंगचा व्हिडिओ करतेय. तोपर्यंत करवत धार लावून ठेवा.