वरच्याचं पाणी, खालच्याची माती

सोलापूर-अहिल्यानगरच्या रब्बी पट्ट्यात शाळूची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. त्यामुळे ऐन पावसाळ्यात इथल्या खोल काळ्या रानाचा मोठा भाग उघडाच असतो. पाच मिलिमीटर व्यासाचा पावसाचा थेंब सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने त्यावर आदळतो. ढेकूळ फुटतं, सुटलेले बारीक कण छिद्रांत जाऊन बसतात आणि जमिनीचं तोंड बंद होतं. मुरायचं पाणी मग वाहू लागतं. आधी वावरभर पातळ थराने, पुढे बोटभर रेघांमधून आणि शेवटी ओघळीतून. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याची खरवडण्याची ताकद सुमारे चौपट होते. म्हणूनच लांब उताराच्या खालच्या टोकाला घळी पडतात.

या वाहण्यात हलकी आणि कसदार माती सर्वांत आधी जाते. चिकणमातीचे कण आणि सेंद्रिय कर्ब निघून जातो, खडे आणि मुरूम मागे राहतात. एकरावरून फक्त एक मिलिमीटरचा थर गेला, तरी ती साधारण पाच टन माती असते. ध्रुवनारायण आणि राम बाबू या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये देशाचा अंदाज मांडला, तो वर्षाला सरासरी हेक्टरी १६.४ टनांचा, म्हणजे एकरी साडेसहा टनांचा होता. त्यातली सुमारे २९ टक्के माती कायमची समुद्रात जाते आणि १० टक्के धरणांत साचते. एक सेंटिमीटर माती तयार व्हायला मात्र शतकं लागतात.

शेतकरी आपल्या वावरात बरंच करू शकतो. उताराला आडवी नांगरट, सरी-वरंबे, बांधावर मारवेलसारखं गवत, हे सगळं उपयोगाचं आहे. पण वरच्या रानातून येणारा लोंढा एकट्याने अडवता येत नाही. पाणी उताराने चालतं आणि मालकी गट नकाशाने ठरते. दोन्हींचा मेळ बसत नाही, तिथे बांध फुटतो आणि शेजाऱ्यांमध्ये वाद पेटतो.

महाराष्ट्राने याची किंमत मोजलेली आहे. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्यानंतर सरकारने मोठ्या प्रमाणावर बांधबंदिस्ती केली. समपातळी रेषेवर घातलेले बांध अनेकांच्या वावरांतून वेडेवाकडे गेले. कुळवाला अडचण व्हायची, बांधामागे पाणी साचून पीक पिवळं पडायचं. अनेकांनी ते बांध नांगरून टाकले किंवा फोडले. खोल काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगून पाणी मुरू देत नाही. अशा जमिनीत बांधाला किंचित ढाळ देऊन जादा पाणी सुरक्षित सांडीतून बाहेर काढावं लागतं. आता ही सांड कोणाच्या वावरातून काढायची? अभियंता जागा दाखवेल, पण शेजारी राजी होतील ते चारचौघांत बसूनच.

त्यासाठी ग्रामपंचायतीकडे अधिकारही आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय आहेत. त्यात दुसऱ्या क्रमांकाच्या विषयात मृदसंधारण येतं आणि तिसऱ्यात पाणलोट विकास. गावाचं गायरान बहुधा उताराच्या माथ्यावर असतं, म्हणजे लोंढा जिथे जन्मतो ती जागा पंचायतीच्या आवाक्यातली असते.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हेच ओळखलं. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गावाने डोंगरावर सलग समतल चर खोदले, नाल्यांवर बंधारे घातले, झाडं लावली. पण चर खोदणं कोणत्याही गावाला जमतं. हिवरे बाजारने त्याला कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीची जोड दिली. गुरं मोकळी सोडायची नाहीत, गवत विळ्याने कापून न्यायचं, हा नियम गावाने स्वतः केला आणि स्वतःच पाळला. चर गाळाने भरायच्या आत माथ्यावर गवत धरलं आणि त्याच्या मुळांनी माती पकडली. उघड्या माथ्यावरचे चर दोन-चार पावसांत बुजतात, मग खालचा बंधारा नुसता गाळाची टाकी होऊन बसतो. ‘माथा ते पायथा’ हा पाणलोटाचा क्रम पाळायचा तो म्हणूनच. बंधारा दिसतो, त्याचं उद्घाटनही होतं. चर आणि गवताला तो मान नसतो. त्यामुळे अनेक गावांत काम उलट्या टोकाने सुरू होतं.

राज्यात ग्रामसभा सहसा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरतात. मातीच्या कामाला या तारखा सोयीच्या आहेत. जानेवारीत गट नकाशावर ओघळी आणि सांडी आखून रोजगार हमीची कामं मंजूर करावीत. पंचायतीच्या निधीतून दुरुस्तीची रक्कम तेव्हाच वेगळी काढावी. नव्या कामाला पैसा मिळतो, फुटलेल्या बांधाला मिळत नाही, ही जुनीच रड आहे. १ मेला झालेलं काम पाहावं, कारण वळवाच्या सरीआधी दुरुस्तीला तेवढाच अवधी उरतो. १५ ऑगस्टच्या सुमारास पाऊस पडून गेल्यावर सगळ्यांनी शिवारफेरी करावी, गढूळ पाणी कोणाच्या रानातून निघतं आणि कोणाच्या रानात शिरतं हे प्रत्यक्ष पाहावं. २ ऑक्टोबरच्या सभेत त्याची नोंद इतिवृत्तात आली, की पुढच्या जानेवारीत पहिलं काम कुठे करायचं यावर वाद घालण्यासारखं फारसं उरत नाही.