शासनाची माहिती प्रसिद्ध झाली; पोहोचली का?

नाशिकपासून सुमारे वीस किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत वसलेले ओझर हे देशाला लढाऊ विमाने देणारे गाव म्हणून ओळखले जाते. मिगपासून सुखोईपर्यंतची विमाने येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात आकाराला आली. याच ओझरमध्ये राहणाऱ्या एखाद्या अंध नागरिकाला सरकारी योजनेची माहिती हवी असेल, तर निफाडचे तहसील कार्यालय, नाशिकची जिल्हा परिषद आणि मुंबईचे मंत्रालय त्याच्यापासून आता फारसे दूर राहिलेले नाही. परिपत्रके, अर्जांचे नमुने, लाभार्थ्यांच्या याद्या संकेतस्थळांवर पाहावयास मिळतात. अडचण आहे ती ‘पाहावयास’ या शब्दातच. जी माहिती केवळ पाहता येते, ती न पाहू शकणाऱ्याच्या दृष्टीने प्रसिद्धच झालेली नसते.

२०११च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख, तर महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती होत्या. ही गणना आठ प्रकारच्या अपंगत्वांपुरती होती. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने हे प्रकार २१पर्यंत वाढवले. म्हणजेच प्रश्न मूठभरांचा नाही. शिवाय निवृत्तिवेतन, वैश्विक ओळखपत्र, प्रवास सवलत, राखीव जागा अशा योजनांमुळे दिव्यांगांचा शासनाशी येणारा संबंध इतरांपेक्षा अधिकच असतो. मुदत कळली नाही, तर हक्काचा लाभ हातचा जातो.

संगणक वाचतो कसा?

अंध व्यक्ती संगणक वापरते ती ‘स्क्रीन रीडर’ या प्रणालीच्या साह्याने. पडद्यावरील मजकूर ही प्रणाली मोठ्याने वाचून दाखवते. ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी विकसित केलेली ‘एनव्हीडीए’ ही अशी प्रणाली २००६पासून मोफत उपलब्ध आहे. मोबाइलमध्येही तशी सोय असते. मात्र ती वाचू शकते फक्त अक्षरे. अक्षरांचे छायाचित्र तिला मुके असते.

नेमके इथेच बिनसते. अनेक कार्यालयांत पत्रक संगणकावर टंकलिखित होते, कागदावर छापले जाते, त्यावर स्वाक्षरी व शिक्का उमटतो आणि मग तो कागद स्कॅन करून संकेतस्थळावर चढवला जातो. मुळात वाचता येण्याजोगा असलेला मजकूर या प्रवासात चित्र बनतो. डोळस वाचकाला फरक जाणवत नाही. अंध वाचकाला मात्र त्या जागी कोरे पान मिळते. छायाचित्रातून अक्षरे ओळखणाऱ्या प्रणाली आता सुधारल्या आहेत, पण वाकडा स्कॅन, पुसट शाई आणि शिक्क्याखाली दडलेले आकडे यांपुढे त्याही अडखळतात. अनुदानाच्या रकमेतील एक शून्य चुकले, तर अर्थच बदलतो.

मराठीपुरती आणखी एक गुंतागुंत आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी टंकलेखन वेगवेगळ्या फाँटमध्ये होत असे. त्यांत पडद्यावर देवनागरी दिसे, पण संगणकाच्या स्मृतीत साठत ती इंग्रजी अक्षरे. ‘कृतिदेव’ या फाँटमध्ये टंकलेला ‘भारत’ हा शब्द संगणकाच्या लेखी ‘एच-के-के-जे-आर’ अशी निरर्थक माळ असतो आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. युनिकोडमध्ये ‘भ’ हा जगातल्या प्रत्येक संगणकासाठी ‘भ’च असतो. जुन्या फाँटमधील कागदपत्रे युनिकोडमध्ये आणणे हे त्यामुळे केवळ तांत्रिक काम नाही. त्याने मजकूर शोधताही येतो, आणि त्याचा लाभ सर्वांनाच होतो.

अर्ज भरतानाही असेच अडथळे येतात. चौकटीवर ‘नाव’ असे दिसते, पण ती चौकट व तो शब्द यांची आतून जोडणी केलेली नसेल, तर ऐकणाऱ्याला कुठे काय लिहायचे हे कळत नाही. वाकडीतिकडी अक्षरे ओळखण्याची अट असेल आणि सोबत ध्वनीचा पर्याय नसेल, तर अर्ज तिथेच थांबतो. हाताची हालचाल मंद असलेल्या व्यक्तीला ठरावीक मिनिटांत बंद होणारे पान पुन्हा पहिल्यापासून भरावे लागते.

भोंगा वाजतो, पण...

अंधांची अडचण निदान चर्चेत तरी येते. कर्णबधिरांची अनेकदा लक्षातच येत नाही. गोदावरीला २००८ आणि २०१६ साली आलेले पूर नाशिककर विसरलेले नाहीत. ओझरमधूनही बाणगंगा वाहते. नदीकाठच्या वस्तीला ध्वनिक्षेपकावरून अथवा भोंग्याने इशारा दिला, तर तो ऐकू न येणाऱ्या घरात पोहोचणारच नाही. तोच इशारा मोबाइलवरील लेखी संदेश, दिव्याची उघडझाप आणि घरोघर जाणारा स्वयंसेवक अशा एकाहून अधिक मार्गांनी दिला, तरच तो सर्वांचा होतो. आपत्तीच्या वेळी दिव्यांगांना समान संरक्षण मिळावे, असे २०१६च्या कायद्याचे आठवे कलमच सांगते.

कर्णबधिरांना लिहिलेले वाचता येते, मग वेगळी सोय कशाला, असाही प्रश्न विचारला जातो. पण जन्मतः ऐकू न येणाऱ्या अनेकांची पहिली भाषा सांकेतिक भाषा असते. मराठी ही त्यांच्यासाठी शाळेत शिकलेली दुसरी भाषा ठरते. त्यात कार्यालयीन मराठी म्हणजे ‘उपरोक्त विषयान्वये’ आणि ‘सदरहू प्रकरणी’ यांचे जंगल. सोप्या वाक्यांत लिहिलेली सूचना कर्णबधिरांना, बौद्धिक अक्षमता असलेल्यांना आणि खरे तर प्रत्येकालाच हवी असते.

कायदा काय सांगतो?

भारताने संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला २००७मध्ये मान्यता दिली. सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९मध्ये आली व त्यांची तिसरी आवृत्ती २०२३मध्ये. २०१६च्या कायद्याच्या ४२व्या कलमानुसार ध्वनी, मुद्रित व इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम्य स्वरूपात मिळेल, याची काळजी शासनाने घ्यावयाची आहे. तरीही पालन ढिलेच राहिले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याचे कारण दाखवून दिले: कायदा सुगम्यता बंधनकारक मानतो, पण २०१७च्या नियमांनी तिला शिफारशींवर सोडले. न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवून तीन महिन्यांत सक्तीचे निकष आखण्यास केंद्राला सांगितले. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी, अॅसिड हल्ल्यातून बचावलेल्या व अंध व्यक्तींना बँकांच्या ऑनलाइन ओळख पडताळणीत येणाऱ्या अडचणींसंबंधीच्या निकालात, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले.

नागरिकाच्या हातीही साधने आहेत. माहिती अधिकार कायदा, २००५ नुसार ज्याला अर्ज लिहिता येत नाही, त्याची तोंडी विनंती लिहून घेण्यास मदत करणे जनमाहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. संवेदनात्मक अपंगत्व असलेल्या अर्जदाराला माहिती मिळवण्यासाठी, कागदपत्रे पाहण्यासाठी साह्य करण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. प्रत्येक शासकीय आस्थापनेत दिव्यांगांसाठी तक्रार निवारण अधिकारी असावा, असे २०१६चा कायदा म्हणतो. त्यापुढे पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागता येते.

खर्च कमी, सवय मोठी

महाराष्ट्राने ३ डिसेंबर २०२२ रोजी दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला.  परंतु सुगम्यता एका विभागाच्या कपाटात मावणारी नाही. ती प्रत्येक टेबलावर घडते किंवा बिघडते. युनिकोडमध्ये टंकलेखन, स्कॅनऐवजी मूळ फाइलवर डिजिटल स्वाक्षरी, चित्राखाली दोन ओळींचे वर्णन, ठळक रंगसंगती आणि चित्रफितीखाली लेखी ओळी यांसाठी मोठी निविदा लागत नाही. नगर परिषदेचा लिपिकही हे उद्यापासून करू शकतो. नवे संकेतस्थळ खुले करण्यापूर्वी गावातील एका अंध व एका कर्णबधिर नागरिकाला ते वापरून पाहण्यास बोलावले, तरी निम्म्या उणिवा त्याच दिवशी उघड होतील.

ओझरला या बाबतीत स्वतःचाच एक धडा आहे. १९९०च्या सुमारास येथील शेतकऱ्यांनी वाघाड धरणाच्या कालव्यावर पाणीवापर संस्था उभ्या केल्या आणि पाटबंधारे खात्याकडून पाणी मोजून घेऊन त्याचे वाटप स्वतःच्या हाती घेतले. हिशेब ज्याला समजतो, तोच आपल्या वाट्याविषयी प्रश्न विचारू शकतो. दिव्यांग नागरिकही तेवढेच मागत आहेत. शासनाचा कागद दुसऱ्या कोणाकडून वाचून घेण्याची वेळ त्यांच्यावर येऊ नये.