वरच्या खोलीतला पाहुणा

सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी मौज प्रकाशन गृहाने २००६ साली प्रसिद्ध केली. पुण्यातल्या जोशी कुटुंबाकडे एक तरुण पेइंग गेस्ट म्हणून राहायला येतो. घरातला मुलगा तनय आणि त्याची बहीण अनुजा, दोघेही त्याच्या प्रेमात पडतात आणि एकाचं दुसऱ्याला कळत नाही. एक दिवस अनुजा त्या पाहुण्याबरोबर घर सोडून जाते. पुढे तोही तिला सोडून निघून जातो आणि ती एकटी परत येते. कथानक एवढंच. त्याचा पहिला भाग तनय सांगतो, दुसरा अनुजा. पाहुण्याला लेखकाने नाव दिलेलं नाही.

पेइंग गेस्ट ही व्यवस्था इथे महत्त्वाची आहे. मीरा रोड किंवा भाईंदरच्या आजच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर भाडेकरू म्हटलं की येतो तो अकरा महिन्यांचा करार, मधला एजंट, पोलीस ठाण्यातली नोंद आणि 'बॅचलरला जागा नाही' म्हणणारी सोसायटी. जोशींच्या घरात यातलं काही नाही. पाहुणा त्याच छपराखाली राहतो, त्याच दारातून ये-जा करतो. घरातला मुलगा त्याच्या खोलीत तासन्‌तास बसला तरी कुणाच्या मनात शंका येत नाही. मुलगी बसली असती, तर आईने तिसऱ्या मिनिटाला चहाच्या निमित्ताने हाक मारली असती. मध्यमवर्गीय मराठी घराची सगळी पहारेदारी मुलींवर असते. मुलांच्या मैत्रीकडे कुणी पाहत नाही आणि तनयच्या प्रेमाला आडोसा मिळतो तो याच न पाहण्यातून.

पाहुणा गेल्यावर हाच आडोसा तनयच्या मुळावर येतो. अनुजाचं दुःख घराला ओळखू येतं. 'मुलगी पळून गेली', 'मुलगी फसली' ही वाक्यं समाजाकडे तयारच असतात. ती कितीही क्रूर असली, तरी त्यांच्यामुळे तिला काहीतरी झालं आहे एवढं तरी मान्य होतं. घरात रडारड होते, कुजबुज होते, उपाय शोधले जातात. त्याच घरात तनयचंही तेच माणूस गेलेलं असतं. त्याला मात्र कुणी 'काय झालं रे?' म्हणूनही विचारत नाही. त्याने बहिणीची काळजी करायची, एवढीच घराची अपेक्षा. एकाच माणसाचा वियोग दोन खोल्यांत किती वेगळा असू शकतो, हे दाखवण्यासाठी ही दोन निवेदनांची रचना आहे. अनुजाचा भाग वाचल्यावर तनयचा भाग पुन्हा उघडावासा वाटतो.

मराठीत पौगंडावस्थेच्या आणि कोवळ्या वयाच्या कादंबऱ्यांची वाट जुनी आहे. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'तला मुकुंदही जोशीच. त्याचं शिरोडकरवरचं प्रेम मित्रांच्या टोळक्यात चर्चेचा विषय असतं. चिडवणं, सल्ले, फजिती सगळं सामुदायिक. तनयला असं टोळकं नाही. शोकाचंही तसंच आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'त (१९६३) पांडुरंग सांगवीकरची बहीण मनी जाते. प्रकाश नारायण संतांचा लंपन 'झुंबर'मध्ये वडिलांना गमावतो. हे मृत्यू आहेत आणि मृत्यूला सुतक असतं, भेटायला येणारी माणसं असतात. तनयचं माणूस जिवंत आहे, फक्त इथे नाही. अशा शोकाला दिवस घालण्याची सोय नाही.

तनयच्या भागाची खरी गंमत क्रियापदात आहे. तो निघून गेलेल्या पाहुण्याशीच बोलतो, त्याला 'तू' म्हणून. इंग्रजीतल्या 'यू'वरून समोर पुरुष आहे की स्त्री, हे कळत नाही. मराठीत 'तू आलास' म्हटलं की पुरुष ठरला, 'मी थांबलो' म्हटलं की बोलणाराही ठरला. म्हणजे घरापासून जे तनय लपवतो, ते त्याची भाषा वाचकापासून लपवू शकत नाही. फक्त 'तू सांगितलंस', 'तू दिलंस' अशा सकर्मक क्रियापदांपाशी व्याकरण थोडा वेळ गप्प राहतं. जेरी पिंटो यांनी केलेला या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद २०१३ साली आला. पिंटो स्वतः कादंबरीकार आणि कवी. अनुवादही वाचनीय आहे. पण 'आलास'मधला 'ला' इंग्रजीत नेण्याची सोय कुणाही अनुवादकाकडे नाही.

कुंडलकरांआधी मराठीत समलिंगी प्रेमाचा हा विषय अस्पर्श नव्हता. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगमंचावर आलं, रोहिणी हट्टंगडी यांनी त्यात मित्रा साकारली. पण ती दोन स्त्रियांची गोष्ट होती आणि तिचा शेवट मृत्यूत होतो. पुण्यात समपथिक ट्रस्टची स्थापना करणारे बिंदुमाधव खिरे यांनी समलिंगी तरुणाच्या डायरीच्या रूपात 'पार्टनर' लिहिलं (वपुंची 'पार्टनर' वेगळी, ग्रंथालयात घोटाळा होऊ शकतो). खिऱ्यांच्या पुस्तकाला समजावून सांगायचं आहे: मुलाला, पालकांना, शेजाऱ्यांना. 'कोबाल्ट ब्लू' कुणाला काही समजावत नाही. ती आली तेव्हा दंड संहितेचं कलम ३७७ लागू होतं. सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे संबंध त्यातून वगळले ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी. तरीही कादंबरीचा संघर्ष कायद्याशी नाही. तिच्यात खलनायकही नाही. आईवडील वाईट नाहीत, फक्त त्यांना एकाच प्रकारचं दुःख ओळखता येतं. कादंबरीची ताकद इथे आहे. मर्यादाही इथेच आहे, कारण पाहुणा दोघांच्या आठवणींतूनच उरतो आणि त्याची बाजू शेवटपर्यंत कळत नाही.

२०२२ साली नेटफ्लिक्सवर याच नावाचा चित्रपट आला. पटकथा कुंडलकरांचीच. नीलय मेहेंदळे तनय, अंजली शिवरामन अनुजा आणि प्रतीक बब्बर पाहुणा. घर मात्र पुण्यातून कोचीला गेलं, जोशींचे दीक्षित झाले आणि संवाद हिंदी-इंग्रजीत गेले. पाहुण्याला नाव तिथेही नाही. पण पुस्तकात तो तनयच्या 'तू'मध्ये आणि अनुजाच्या 'तो'मध्ये विभागलेला होता; पडद्यावर दोघांच्या वाट्याला एकच चेहरा येतो.