परदेशातील वैद्यकीय सेवा : अपेक्षा आणि वास्तव

परदेशी जाऊन वैद्यकीय सेवा करण्याची इच्छा बाळगणारे डॉक्टर व परिचारिका मनात एक चित्र घेऊन निघतात : शस्त्रक्रिया कराव्यात, प्राण वाचवावेत आणि समाधानाने परतावे. हेतू उदात्तच असतो. परंतु प्रत्यक्ष सेवाभूमी बहुधा निराळेच काही मागते. त्यासाठी मनाची तयारी कशी करावी, याचा येथे आम्ही विचार करीत आहोत.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसने युद्धग्रस्त चीनमध्ये पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात होते. भाषा अनोळखी आणि साधने तुटपुंजी होती. कोटणीस चिनी भाषा शिकले. शस्त्रक्रियांबरोबरच त्यांनी स्थानिक विद्यार्थ्यांना शिकविले. १९४१ मध्ये तेथील बेथ्यून रुग्णालयाची धुरा त्यांच्यावर आली आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांनी शिकविलेले विद्यार्थी मात्र मागे राहिले.

ऑस्ट्रियाच्या डॉ. ॲना डेंगेल १९२० मध्ये रावळपिंडीस आल्या. पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडे जात नसत, त्यामुळे रुग्णांची रीघ लागे. एकटीच्या श्रमांनी ही गरज भागणार नाही, हे त्यांनी ओळखले आणि १९२५ मध्ये वॉशिंग्टन येथे ‘मेडिकल मिशन सिस्टर्स’ ही संस्था स्थापिली. धर्मभगिनींना प्रसूतीसह संपूर्ण वैद्यकीय सेवेची मुभा चर्चने १९३६ मध्ये दिली. तोवर या भगिनींना धीर धरावा लागला.

हीच गोष्ट यजमानाच्या बाजूने पाहावयाची तर आपला हिंगोली जिल्हा डोळ्यांसमोर आणावा. समजा, सेनगाव किंवा कळमनुरी तालुक्यातील एखाद्या गावी परदेशी डॉक्टर पंधरा दिवसांसाठी आले. सोयाबीनची काढणी चालू असेल तर रुग्ण दिवसा येणारच नाहीत. तांड्यावरच्या आजीशी बोलताना मराठीही अपुरी पडेल, कारण तिची बोली बंजारा. क्षयरोगाचा उपचार साधारणतः किमान सहा महिने चालतो. पण ऊसतोडीला जाणारे कुटुंब दिवाळीच्या सुमारास गाव सोडते. रक्तदाबाच्या गोळ्या तर रोजच्या रोज घ्याव्या लागतात. शिबिर उठल्यावर या रुग्णांकडे कोण पाहणार? त्यांना आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांचाच आधार. ज्या पाहुण्याने त्यांना विचारून काम आखले, त्याचेच काम टिकते.

आपली माणसे परदेशी जातात तेव्हा तेथे तीच पाहुणी असतात. म्हणून निघण्यापूर्वी यजमान रुग्णालयाला ‘तुम्हांस काय हवे?’ असे विचारावे. त्या देशातील नोंदणी व परवानगी पूर्ण करावी. मायदेशी जे करण्याची पात्रता नाही, ते तेथील गरिबांवर करून पाहू नये. औषधांची मोजदाद, नोंदवह्या, स्वच्छता ही कामे सांगितली तर ती कमी प्रतीची मानू नयेत. प्रत्येक रुग्णाची टिपणे मागे ठेवावीत आणि स्थानिक परिचारिकांकडून शिकावे.

कधी औषध नसल्याने रुग्ण दगावेल, कधी कोणी आभारही मानणार नाही. अशा वेळी खिन्नता येणे स्वाभाविक आहे. ज्येष्ठ सहकाऱ्यांपाशी मन मोकळे करावे. आपल्या हातून किती कार्य झाले, याहून आपण परतल्यावर काय चालू राहिले, हीच सेवेची खरी कसोटी आहे, असे आम्हांस वाटते.